आविसच्या नावापुढची जागा

टिलबर्ग, ६ ऑक्टोबर २०२४

ताई,

मोठ्यांना पत्र लिहिताना आधी नमस्कार घालायचा असतो. पण तू मला तीन महिने ब्लॉक केलंयस, तेव्हा नमस्कार कुठपर्यंत पोचेल कोण जाणे. म्हणून पोस्टाने पाठवतोय. पोस्टमन काही तुला विचारून पत्र टाकत नाही.

इथल्या पत्रपेटीला दोन तोंडं असतात, एक जवळपासच्या पत्रांना आणि एक उरलेल्या जगाला. मी दहा मिनिटं विचार करत उभा होतो की मास्ट्रिख्ट म्हणजे जवळपास की उरलेलं जग. मागून एक आजी आल्या, त्यांनी माझ्या हातातलं पत्र बघून न बोलता उरलेल्या जगाकडे बोट केलं.

असो. मुद्दा असा की तुझ्या संशोधनाची निळी फाइल माझ्याकडे आहे. जुलैत तुझ्या खोलीवर आलो होतो, मी युनिव्हर्सिटी सोडल्याचं तुला कळलं, आपलं वाजलं, तू पाय आपटत खाली गेलीस आणि मी निघालो. निघताना फाइल उचलली. तुला राग येईल असं काहीतरी करायचं होतं, आणि जिच्यावाचून तुझं अडेल अशी टेबलावर तीच एक वस्तू होती. प्रबंध कॉम्प्युटरवर असेलच, पण पेन्सिलचे शेरे फक्त इथेच आहेत, हे मला माहीत होतं.

आता खरं सांगतो, मी ती वाचतोय. वेअरहाउसमध्ये पंधरा मिनिटांचा ब्रेक असतो, त्यात. आधी नुसती चाळली. मग तुझे राऊलराव भेटले. राऊल द कोर्नमार. नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस, जहागीर समुद्राच्या दोन्ही काठांना. नॉर्मंडीत सफरचंदांच्या बागा, इंग्लंडात किल्ला. इकडे भानगड झाली की बोटीत बसून तिकडे, तिकडे राजा रुसला की इकडे. पोरं तिकडच्या भाषेत उत्तरं द्यायला लागली म्हणून चिडतो, असं तू मार्जिनमध्ये लिहिलंयस आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलंयस. मला तर ते पटलं. मला तो माणूस आवडला, ताई. कुठेच धड नव्हता.

दोन गोष्टी कळल्या नाहीत. म्हातारपणी तो मठाला पाणचक्की देतो, त्याच्या कागदाखाली घरच्या सगळ्यांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे सहीऐवजी फुली. बायको एमलीन, फुली. थोरला ग्वीयोम, फुली. धाकटा रोबेर, फुली, आणि शेजारी लिहिलंय की त्याला थोबाडीत मारली. का मारली? आणि शेवटी मुलगी, आविस. तिचं नाव आहे, जागा सोडलीय, फुलीच नाही. का नाही?

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहीनच, मला इथे बोलायला कोण आहे? कालव्यावरची बदकं आहेत, त्यांना डच येतं.

अंबरीश

*

मास्ट्रिख्ट, १३ ऑक्टोबर २०२४

अंबरीश,

अंब्या लिहायला हात वळत होता, आवरला.

तू चोर आहेस हे नवीन नाही. दिवाळीची करंजी असो की फाइल. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते कारण वर्षभरात मला हे प्रश्न कुणी विचारले नाहीत, माझ्या प्राध्यापकबाईंनीसुद्धा.

त्या काळी घरच्यांच्या संमतीशिवाय दान टिकत नसे. उद्या कुणी सख्खा उभा राहून म्हणाला की मला विचारलं नव्हतं, तर मठाची झोप उडायची. म्हणून सगळ्यांना विचारत, पाळण्यातल्या मुलालाही. बायकोला झगा देत, लहानांना जोडे. आणि एखाद्या लहान मुलाला सगळ्यांसमोर थोबाडीत मारत. शिक्षा म्हणून नव्हे. म्हातारे मरतील, कागद कुजेल, पण या मुलाला ही चपराक जन्मभर आठवेल आणि तिच्याबरोबर तो दिवसही. साक्षीदार असा तयार करत.

आविस तोवर वारली होती. कारकुनाने नावं आधी लिहून ठेवली, फुलीच्या वेळी ती नव्हती. माझ्या तिसऱ्या प्रकरणात तसंच आहे.

फाइल परत पाठवू नकोस. मी हे सोडते आहे. डिसेंबरअखेर, बाईंना सांगून झालंय. जानेवारीपासून मी एक पान लिहिलेलं नाही, अंब्या. रोज सकाळी टेबलाशी बसते आणि मला नऊ जानेवारी आठवते. त्या दिवशी मी पासपोर्ट नूतनीकरणाला दिला. मुदत संपायला सात महिने होते, काही गरज नव्हती, पण मला सगळं वेळेआधी करायचं असतं ना. सोमवारी बाबांना झटका आला तेव्हा माझा पासपोर्ट हेगला, वकिलातीच्या कपाटात. शुक्रवारी मिळणार, शनिवारचं आपलं विमान. डॉक्टर म्हणाले होते आठवडा निघेल. गुरुवारी ते गेले. झोपेत गेले, शांत गेले, तूच सांगितलंस. मी रविवारी पोचले तेव्हा अंगणात नुसती पाण्याची ओल होती.

त्यांनी वाट बघायचा प्रयत्न केला असेल, आणि मी एक फॉर्म लवकर भरला म्हणून ती वाट पुरली नाही. याच्यापुढे मला दुसरं वाक्य सुचत नाही. नऊ महिने झाले.

जेवत जा.

गुंजन

*

अ‍ॅमस्टेलव्हीन, २७ ऑक्टोबर २०२४

ताई,

पत्ता बदललाय, टिलबर्गची खोली गेली. घरमालकाला त्याच्या भाच्याला द्यायची होती. सध्या आईच्या मावसबहिणीकडे आहे, शामलामावशीकडे. ती तुला विचारत होती. तिने आता घरून डबे द्यायला सुरुवात केलीय, दिवसाला तीस-तीस डबे. सकाळी मी कांदे चिरतो आणि मग फिट्सवरून डबे पोचवतो. फिट्स म्हणजे मावशीची सायकल, बायकी, मागे टोपली, ब्रेक उलटं पेडल मारून लागतो. पहिल्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंच्या दारात आमटीसकट आडवा झालो. त्यांनी आधी आमटी उचलली.

मावशीची हिमानी नऊ वर्षांची आहे. मी मराठीत बोलतो, ती डचमध्ये उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. तिला राऊलरावांची गोष्ट सांगितली. रोबेरला थोबाडीत मारली म्हटल्यावर ती घास हातात धरून थांबली आणि म्हणाली, हे तर चालतच नाही, शाळेत सांगायला पाहिजे होतं. मग विचारलं, तो रडला का? मी म्हटलं, कागदात नाहीये. मग विचारलं, मारल्याशिवाय त्याला आठवलं नसतं का?

मी कांदा चिरायला गेलो.

इथे झाडं पिवळी झालीत, पानं ओली होऊन सायकलच्या वाटेवर चिकटतात, घसरायला होतं. इथे राहायचा परवाना माझा डिसेंबरात संपतो. पुढचं बघू. मध्ये एकदा वाटलं बोटीवर काम मिळतं का बघावं, राईन नदीवरून खाली-वर. रॉटरडॅमला गेलो चौकशीला, तर चुकीच्या स्टेशनवर उतरलो आणि तिथेच एका बाकावर दुपार गेली. काही विशेष नाही. लिहायचं दुसरंच होतं.

ताई, ती पासपोर्टची चूक तुझी नव्हती. एवढं धर. आणि सोडू नकोस ते. निदान डिसेंबरपर्यंत नको.

अंबरीश

*

मास्ट्रिख्ट, ३१ ऑक्टोबर २०२४

अंब्या,

माझी चूक नव्हती हे सगळेच म्हणतात. प्राध्यापकबाई म्हणतात, खाली राहणारी मुलगी म्हणते, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेले तर तोही म्हणाला, आणि गोळ्या लिहून दिल्या. मी सगळ्यांना थँक यू म्हणते.

पण तू सांत्वन करणाऱ्यातला नाहीस. कृष्णाघाटावर मी सायकलवरून पडले, हात मोडला, तेव्हा तू हसत बसला होतास. आई गेली तेव्हासुद्धा तू मला एक शब्द बोलला नाहीस, नुसता माझ्या ओढणीचं टोक धरून बसलास.

म्हणून विचारते. तुला काय माहीत आहे?

गुंजन

*

अ‍ॅमस्टेलव्हीन, ९ नोव्हेंबर २०२४

ताई,

हे चौथ्यांदा लिहितोय. आधीचे तीन कागद मावशीच्या कचऱ्याच्या तीन वेगवेगळ्या डब्यांत आहेत. इथे कागदाला एकच डबा असतो, तेही चुकलंच.

सरळ लिहितो. बाबा आपोआप गेले नाहीत.

मी युनिव्हर्सिटी फेब्रुवारीत सोडली असं तुला सांगितलंय. खरं म्हणजे नोव्हेंबरातच सोडली होती. जानेवारीत तुला वाटत होतं मी वर्गात असतो, तेव्हा मी वेअरहाउसमध्ये खोक्यांवर स्कॅनर मारत होतो. गुरुवार, अठरा जानेवारी. सकाळी दहाचा ब्रेक, आपल्याकडे दुपारचे अडीच. नीळकंठकाकांचा फोन आला. काका म्हणाले डॉक्टरांशी बोलणं झालंय, मेंदूत आता काही उरलं नाही, मशीन आहे म्हणून छाती हलतेय. ठेवायचं की काढायचं, घरच्यांनी सांगायचं. तू मुलगा, तुझा शब्द लागतो.

मी म्हटलं ताईला विचारतो. काका म्हणाले, तिला विचारलंस तर ती थांबा म्हणेल. तीन दिवस तिच्यासाठी त्याला टोचत ठेवायचं का? काकांचा आवाज गेला होता रे, म्हणजे गं. तेही सोमवारपासून बाकावर बसून होते. त्यांना दोष देऊ नकोस.

मी तुला फोन लावणार होतो. खरंच नंबर काढला होता. पण मागे पट्टा चालू होता, तो घरघर आवाज, लाउडस्पीकरवर पोलिश सुपरवायझर. तू पहिलं विचारलं असतंस, कुठे आहेस? मला ते सांगायचं नव्हतं. ताई, पुढचं दोनदा वाचू नकोस, एकदाच पुरे. वर्ग सोडल्याचं लपवायला मी तुला फोन केला नाही.

काकांना म्हटलं, फोन त्यांच्या कानाशी धरा. तुला आठवतं, ड्यूटीवरून आले तरी बाबांचा एसटी स्टँडवरचा आवाज जात नसे, जेवायला बोलवायचे तेही कंट्रोलरच्या माइकवरून बोलल्यासारखं. मी म्हटलं, बाबा, कराड-पाटण-चिपळूण फलाट चारवर लागली आहे. एवढंच.

मग काका परत फोनवर आले. भिंतीवरच्या घड्याळात ब्रेकची चार मिनिटं उरली होती. मी म्हटलं, काढा.

बाबांचे हाल थांबावेत म्हणून म्हटलं, असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. तसं काही नव्हतं. मला तो फोन संपायला हवा होता. संपला. मी आत गेलो आणि शिफ्ट पुरी केली. दुपारी तुला सांगितलं, झोपेत गेले.

माझा पासपोर्ट तर खिशातच होता. मी मंगळवारीच जाऊ शकलो असतो. शनिवारी आपण एकत्र जाऊ म्हणालीस, मला हायसं वाटलं होतं.

तेव्हा नऊ जानेवारीचा काही संबंध नाही. तू रविवारी पोचणार होतीस. मशीन ठेवलं असतं तर रविवारपर्यंत ते असते.

अंबरीश

*

मास्ट्रिख्ट, ३० नोव्हेंबर २०२४

(एका छापील पानाची झेरॉक्स, लॅटिनमध्ये. मागे पेन्सिलने :)

हा कागद माझ्याकडे तीन वर्षं होता. मी तो दुसऱ्या कुठल्यातरी आविसचा धरून बाजूला ठेवला होता, कारण माझी आविस मेली असली की प्रकरण नीट बसत होतं.

ती जिवंत होती. समुद्रापलीकडे दिलेली होती. अकरा वर्षांनी मठाच्या दाराशी आली आणि म्हणाली, माझ्या वडलांची चक्की दिलीत, मला विचारलं नव्हतं. साधूंनी सांगितलं, बाकी सगळ्यांनी संमती दिली होती. तिने कागद मागितला. त्यांनी आणून दाखवला. पुढे पान फाटलंय.

मला वाटायचं खरं कळलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. आधी निदान दोष माझा होता, तो माझ्याजवळ असायचा.

*

अ‍ॅमस्टेलव्हीन, ५ डिसेंबर २०२४

ताई,

तुझ्या पानाला उत्तर म्हणून एक कागद केलाय, सोबत आहे. तुझ्या फाइलमधल्यासारखा. मावशीकडे जाड कागद नव्हता, हिमानीच्या चित्रकलेच्या वहीतला घेतलाय, मागे घोडा आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

त्यावर लिहिलंय : मी, अंबरीश, रवींद्रचा मुलगा, अठरा जानेवारीला वडलांचं मशीन काढायला हो म्हणालो. खाली नावं. नीळकंठकाका. काल फोन करून विचारलं, ते म्हणाले, माझ्या वतीने तूच मार. मी फुली मारलीय. मग अंबरीश, फुली. बाबांचंही नाव लिहिलं होतं, मग वाटलं त्यांना तर कुणी विचारलंच नाही, म्हणून खोडलं. शेवटी गुंजन, आणि पुढे जागा.

अकरा महिने उशिरा विचारतोय. काय ते लिही. मी चौदाला घरी परत जातोय, परवाना संपला. तेराला टिलबर्गला असेन, वेअरहाउसकडे राहिलेले कागद घ्यायला. दुपारी स्टेशनवर.

अंबरीश

*

स्किपोल विमानतळ, १४ डिसेंबर २०२४

ताई,

विमानाला तीन तास आहेत. इथे पण नारिंगी पेटी आहे, दोन तोंडांची. या खेपेला कुठलं तोंड ते माहीत आहे.

काल तू येशील असं मला वाटलं नव्हतं. आइंडहोव्हनकडची गाडी आली, माणसं उतरली, पांगली, आणि मागे तू उभी, आईची ती मरून शाल कोटावरून घेतलेली. इतकी वाळलीस. तू घोडा दिसेल असा तो कागद धरला होतास, मला आधी वाटलं हिमानीलाच काही आणलंयस.

तू काही विचारलं नाहीस, म्हणालीस, "त्यांच्या कानात काय म्हणालास ते परत म्हण."

मी इकडेतिकडे पाहिलं. लोक कॉफी घेऊन चालले होते. मी हळू म्हटलं. तू म्हणालीस, "बाबा असं कुजबुजायचे का?"

मग मी मोठ्याने म्हटलं. कराड-पाटण-चिपळूण फलाट चारवर लागली आहे. टिलबर्गच्या फलाटावर. दोन-चार जण वळले. तू डोळे मिटून ऐकलंस, ओठ हलत होते तुझे, पुढचे थांबे म्हणत होतीस बहुतेक, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. बाबा आपल्याला गाडीत बसवून म्हणायला लावायचे तसे.

आणि मग मारलीस.

तुझ्या हाताला लोकरी हातमोजा होता, तो काढून मारलीस, हे मी पाहिलं. एक बाई धावत आली, सगळं ठीक आहे का विचारत. तू तिला तुझ्या त्या स्वच्छ डचमध्ये म्हणालीस की हा माझा भाऊ आहे. ती आणखीच घाबरली. दुसरी वेळ असती तर आपण दोघं हसून लोळलो असतो.

मी विचारलं, आता? तू कागद माझ्या खिशात घातलास. म्हणालीस, "जागा तशीच राहू दे." मी म्हटलं, मग निदान नाही असं लिही. तू म्हणालीस नाही लिहायलासुद्धा आधी विचारावं लागतं, आणि ती वेळ गेली. मग तुझी परतीची गाडी लागली. मी फाइल पुढे केली. तू घेतलीस. पण सोडणार आहेस की नाही ते सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. दार बंद झाल्यावर तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी शालच बघत होतो.

कागद आता इथे मांडीवर आहे. तुझ्या नावापुढे काही नाही, एक टिंबसुद्धा नाही. मी उजेडात धरून पाहिलं, बिनशाईचं काही दाबलंयस का म्हणून. पलीकडून घोड्याचे पाय दिसले.

काल रात्रभर डावा गाल जळत होता. सकाळी मावशीने विचारलं काय झालं, मी म्हटलं वारं लागलं. पोळीचा घास चावताना दुखलं, मला बरं वाटलं.

आत्ता सिक्युरिटीच्या रांगेतून पुढे आलो आणि लक्षात आलं, गाल दुखायचा थांबलाय. दाबून पाहिला. काहीच नाही. रोबेरचा किती दिवस दुखला असेल? ताई, मला भीती वाटतेय ती एवढीच.

अंब्या